फळी वाकली म्हणून लगेच रंधा घेऊ नका

बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात चिरलेली फणसाची फळी अथणीच्या कोरड्या हवेत नेली, तर ती जागची हलणारच. टीपॉयसाठी आणलेली फळी वाकली की सॉमिलवाल्याला नावं ठेवण्याआधी वाक कसला आहे ते बघा, उपाय त्यावरच ठरतो.

फळी सपाट फरशीवर ठेवा. एक कोपरा दाबला की दुसरा उठतो? मग तिला पीळ आहे. खात्रीसाठी सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन्ही टोकांना आडव्या ठेवून एका टोकाकडून डोळा लावा. पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींशी समांतर दिसल्या नाहीत, तर पीळ पक्का.

रुंदीत पन्हळीसारखा बाक आला असेल तर टोकाचा काप बघा. सागात वलयं स्पष्ट दिसतात. लाकूड वलयांच्या बाजूने आकसतं ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट, लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. म्हणून वाळताना सालीकडची बाजू खोलगट होते. तुमच्या फळीत उलटं झालंय, गाभ्याकडची बाजू खोलगट आहे? मग बहुधा एकाच अंगाला ओल लागली आहे, फळी ओल्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकून पडली असणार.

अशा फळीला रंध्याची गरजच नसते. खोलगट बाजू खाली करून ती ओल्या गोणपाटावर ठेवा, वरून कोवळं ऊन लागू द्या. अधूनमधून बघत राहा, सरळ झाली की उचला. मग खाली दीड-दीड फुटावर सारख्या जाडीच्या पट्ट्या टाकून सावलीत ठेवा आणि वर वजन द्या. दोन-तीन आठवडे तिला तशीच सोडा. पुन्हा वाकली तर ओलीचा दोष नव्हता, पुढचा उपाय करा.

पुढचा उपाय म्हणजे चिरणं. इंचभर, म्हणजे आठ सूत जाडीच्या फळीला दोन सूत बाक असेल, तर रंध्याने दोन्ही बाजू सपाट केल्यावर हातात सहाच सूत उरतात. त्याऐवजी नऊ इंची फळीच्या तीन-तीन इंचाच्या तीन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीत बाक नवव्या हिश्शावर येतो, पाव सुताहूनही कमी. कडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणून फेव्हिकॉल लावा, वलयांची तोंडं एकाआड एक उलटी ठेवा आणि क्लॅम्प रात्रभर राहू द्या. जोड दिसतो, पण मला तो खटकत नाही.

पीळ असलेल्या लांब फळीवर मात्र मेहनत घालवू नका. आखूड तुकड्यांत तो नगण्य होतो, म्हणून ड्रॉवरच्या बाजू किंवा स्टुलाच्या आडव्या पट्ट्या करा. फडताळाच्या दाराला ती कधीच वापरू नका.

जोडताना वाकडी फळी स्क्रूने ओढून सरळ करायचा मोह होतो. हवामान बदललं की तीच फळी स्क्रूभोवती चिरते. टीपॉयच्या पृष्ठभागाखालच्या आडव्या पट्टीत मधला स्क्रू घट्ट ठेवा, बाजूच्या स्क्रूंसाठी पट्टीत फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडा, म्हणजे लाकूड फुगून-आकसून जागा घेईल. पॉलिशचे खालच्या बाजूलाही तितकेच हात द्या, आणि ते मृग लागण्याआधी.