जर्मनीत रिकाम्या बाटल्या फेकू नका, पैसे परत मिळतात

प्रोजेक्टसाठी वर्ष-दोन वर्षं जर्मनीत आलेल्यांनो, पाणी किंवा कोक घेताना बिलात 'फांट' म्हणून जादा पैसे लागतात ना, ते डिपॉझिट असतं आणि ते परत मिळतं! एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुतेक ८. म्हणजे ४० कोकच्या बाटल्यांचे १० युरो, दोघांच्या संसारात हे कमी नाहीत.

आम्ही काय करतो:

१. दारामागे एक मोठी पिशवी टांगलीय, बाटली संपली की झाकण लावून लगेच तिच्यात, मग दोघांपैकी जो दूध-ब्रेड आणायला निघेल तो ती उचलूनच निघतो, वेगळी फेरी नाही.

२. सुपरमार्केटच्या मशिनमध्ये एकेक बाटली सरकवायची, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते.

३. चिठ्ठी त्याच दुकानात काउंटरवर द्यायची, बिलातून वजा होतात. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच उरका.

एक मात्र सांभाळा, आपल्याला बाटली चेपून टाकायची सवय असते, इथे अजिबात चेपू नका आणि लेबलही काढू नका, मशीन त्यावरची खूण आणि बारकोड वाचतं, ते दिसलं नाही की बाटली तशीच परत येते.