डीव्हीडी बर्न होत नसेल तर लगेच ड्राइव्ह फेकू नका

बऱ्याचदा दोष ड्राइव्हचा नसतोच, डिस्कचा असतो. आधी दुसऱ्या मेकची एक कोरी डिस्क टाकून बघा, ती नीट बर्न झाली तर विषय संपला. ड्राइव्ह सीडी वाचतोय पण डीव्हीडी नाही, असं झालं तरी गोंधळू नका, दोन्हीचे लेझर वेगळे असतात (सीडीचा ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीचा ६५०) त्यामुळे एक गेला तरी दुसरा चालू राहू शकतो. आणि वाचायला कमी पॉवर लागते, लिहायला बरीच जास्त, म्हणून म्हातारा ड्राइव्ह पिक्चर मस्त दाखवतो आणि बर्न करताना मात्र मान टाकतो. एक्स्टर्नल असेल तर यूएसबी हब काढा, थेट कॉम्प्युटरला लावा.

डिस्क घेताना नुसतं कव्हरवरचं नाव बघू नका, एकाच ब्रँडच्या डब्यात वेगवेगळ्या कारखान्यांचा माल निघतो. इमजीबर्न या डिस्क बर्न करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्क टाकली की खरा बनवणारा कोण त्याचा कोड दिसतो, जो कोड तुमच्या ड्राइव्हला मानवतो तोच परत घ्या. १६एक्स स्पीड लिहिलेल्या डिस्कवर मी ८एक्सलाच, म्हणजे निम्म्या स्पीडला, बर्न करतो, आणि व्हेरिफायची (लिहिलेलं नीट उतरलंय का ते तपासायची) टिक कधीच काढत नाही, वेळ लागला तर लागू दे.