रेषा अक्षांना कुठं छेदते ते कसं काढायचं

आमच्या लातूरकडं माझ्याकडं शिकवणीला येणारी दहावीची लेकरं एकाच जागी चुकू लालेत. रेषा एक्स अक्षाला, म्हणजे आलेखातल्या आडव्या रेघेला, कुठं छेदते विचारलं की एक्सच्याच जागी शून्य टाकतात आणि सगळं उलटं होतं. तिथं शून्य वायला द्यायचं.

कामून? आलेख कागदावर एक्स अक्षावर बोट ठेवून सरकत जा, (१, ०), (२, ०), (५, ०), कंसात आधी एक्स मग वाय, वर नाही खाली नाही, म्हणजे त्या अक्षावर वाय कायम शून्यच. उभ्या वाय अक्षावर तसंच एक्स शून्य. एवढं डोक्यात बसलं की पाठांतराची गरजच नाही.

आता ३एक्स + ४वाय = १२ घ्या. आधी वाय शून्य केला, राहिलं ३एक्स = १२, एक्स ४ आला, बिंदू (४, ०). मग एक्स शून्य, ४वाय = १२, वाय ३, बिंदू (०, ३). उत्तर नुसतं ४ लिहू नका, कंसात जोडीच लिहा. दोन्ही बिंदू पट्टीनं जोडले की रेषा झाली, पण तिसरा बिंदू काढून बघाच, एक्स ८ घेतला तर वाय −३ येतो, तो त्याच रेषेवर बसला की समजायचं बरोबर आहे.

वजाचं चिन्ह असलं की जपून. २एक्स − ५वाय = १० मध्ये एक्स शून्य केला तर −५वाय = १०, म्हणून वाय −२, बिंदू आरंभबिंदूच्या, म्हणजे (०, ०) च्या, खाली जातो. इथं वजा गिळला की रेषाच बदलते.

ह्याचा घरात काय उपयोग म्हणाल तर उन्हाळ्यात हौदात ४८०० लिटर पाणी आहे आणि रोज ४०० लिटर लागतं, तर एक्स दिवसांनी उरलेलं पाणी वाय धरलं की वाय = ४८०० − ४००एक्स. रेषा वाय अक्षाला ४८०० वर छेदते, ते सुरुवातीचं पाणी, आणि वाय शून्य केला की एक्स १२, म्हणजे बाराव्या दिवशी हौद तळाला, टँकर त्याच्या आधी सांगायला पाहिजे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या लातूरकरांना हा बिंदू समजावून सांगावा लागत नाही.

समीकरणात उजवीकडं शून्य असलं, जसं २एक्स + ३वाय = ०, तर दोन्ही बिंदू एकच, (०, ०), मग (३, −२) सारखा अजून एक काढून रेषा ओढा. आणि एक्स = ५ असं नुसतंच आलं तर ती उभी रेषा, एक्स अक्षाला (५, ०) वर छेदते, वाय अक्षाला भेटतच नाही, तिथं शोधत बसू नका.