मिस्त्रीचं काम की वायरमनचं? जुन्या ओम्नीखाली शिकलेलं थोडं

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी सांगलीतल्या एका गॅरेजात लागलो. इंजिनाचे चार स्ट्रोक तेव्हा तोंडपाठ होते. पण ‘गाडी सेल्फ घेत नाही’ (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, तीच नीट फिरत नाही) आणि ‘सेल्फ घेते पण उचलत नाही’ (इंजिन फिरतं, पण पेटत नाही) ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे माहीत नव्हतं. गिऱ्हाईक दोन्हीला एकच म्हणतं, ‘चालू होत नाही’. तेवढ्यावर पाना उचलायचा नाही, हे कळायला मला वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे सात-आठ ओम्नी कायम उभ्या असायच्या. शाळेच्या, भाजीच्या, मंडपवाल्यांच्या. 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी 2019 मध्ये बनायची थांबली, पण आमच्या दारातून काही हलली नाही. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. जोर मागच्या चाकांना, मागं पाटे, म्हणजे पट्ट्यांचे स्प्रिंग. शिकायला याहून चांगली गाडी नाही असं माझं ठाम मत आहे. सीट उचलली की बरंचसं डोळ्यांना दिसतं, आणि जुन्या ओम्नीत त्यातलं निम्मं कुणीतरी आधी उसकटून ठेवलेलं असतं.

एका ओम्नीची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्यात सगळंच आलं. शाळेची मुलं नेणारे एक काका होते. गाडी सकाळी कशीबशी चालू व्हायची आणि दुपारी शाळा सुटल्यावर अडून बसायची. उन्हाळ्यात असं झालं की बहुतेक जण म्हणतात, गरमीनं पेट्रोलची वाफ झाली, पंपावर ओला फडका टाका. कार्बोरेटरवाल्या ओम्नीत ते होतंही. पण वाफेच्या दुखण्यात सेल्फ खणखणीत फिरतो, फक्त इंजिन पकडत नाही. काकांच्या गाडीत सेल्फच रडत होता. ‘घुर्र… घुर्र…’ आणि बंद.

काकांनी आधीच नवी बॅटरी टाकलेली. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येणाऱ्या वायरमननं सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले. चार दिवस बरं गेलं, मग पुन्हा तेच. वायरमन म्हणाला, इंजिन जाम आहे, मिस्त्रीचं काम. आमचे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, म्हणाले इंजिन हातानं फिरतंय, वायरमनचं काम. काका बिचारे मध्ये उभे.

त्याच वेळी काकांनी जाता जाता आणखी एक गाऱ्हाणं केलं. क्लचची केबल टिकत नाही, तीन महिन्यांत दोन झाल्या. मामा म्हणाले, डुप्लिकेट माल असणार. तिसरी केबल टाकायला मी खाली शिरलो. जुनी काढली तर ती तुटलेली नव्हतीच. वरचं प्लॅस्टिक वितळून फोडासारखं फुगलेलं, आतली तार निळसर पडलेली. सायलेन्सरला लागली म्हणावं तर केबल तिथून जातच नव्हती. नवी बसवली, काकांना म्हटलं सेल्फ मारा, आणि सहज केबलवर हात ठेवला. तिसऱ्या सेल्फला चटका बसला.

हा चटका समजून घ्या. बॅटरीतून जाड तारेनं करंट सेल्फला जातो, पण तो परतही यावा लागतो. इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे बॉडीपासून वेगळेच. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली अर्थची पट्टी असते. ती सैल झाली, गंजली किंवा लावायचीच राहिली, तर सेल्फचा करंट मिळेल त्या लोखंडातून घरी जातो: क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, चोकची तार. शंभर-सव्वाशे अँपिअर त्या बारीक तारेतून गेले की ती हीटरच्या कॉइलसारखी तापणार.

खात्री मीटरनं केली. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवायचा. बॅटरी नुसती उभी असताना 12.6 दिसले, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना 11.4. इथे नवशिका खूश होतो, बॅटरी चांगली आहे म्हणतो आणि पुढं जातो. थांबायचं. सेल्फ रडतोय आणि तरी बॅटरीचा व्होल्टेज फारसा पडत नाही, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, वाटेत कुणीतरी अडवतंय. तेच 9 च्या खाली घसरला असता तर बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जाम. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवली. क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर, कारण दोष क्लॅम्पमध्येही असू शकतो. लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर. काकांनी सेल्फ मारला. काटा असलेला जुना मीटर होता आमचा, काटा 4 च्या पुढं गेला. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. लाल पिन ब्लॉकवरून बॉडीवर नेली: जवळपास शून्य. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, बॉडी ते इंजिन गडबड. चार व्होल्ट तिथंच मरत होते. कुठलाही पार्ट न उतरवता, पाच मिनिटांत.

पट्टी सापडली. गिअरबॉक्सच्या बाजूला एका टोकावर लोंबत होती, चिखल आणि ऑइलनं माखलेली. दुसऱ्या टोकाचा बोल्टच नव्हता.

मामांनी बिलबुक काढलं. चार महिन्यांपूर्वी याच गाडीची क्लच प्लेट आमच्याच गॅरेजात बदलली होती. गिअरबॉक्स उतरवणारा आणि चढवणारा मी. पट्टी लावायची मीच विसरलो होतो. मामांनी दोन्ही केबलचे पैसे काकांना परत दिले, बॅटरीबद्दल माफी मागितली. माझ्या पगारातून एक रुपया कापला नाही. पण पुढं सहा महिने कुणाचाही गिअरबॉक्स चढला की लांबून, गिऱ्हाइकासमोर, एकच शब्द यायचा: ‘पट्टी?’

तेव्हापासून मी आधी तीन गोष्टी विचारतो. दुखणं थंडीत की गरमीत, पावसात की कोरड्यात. पहिल्यांदा कधी झालं. आणि त्याच्या आधी गाडीवर काय काम झालं होतं. तिसरा प्रश्न विचारताना आवाज मऊ ठेवा, नाहीतर गिऱ्हाईक आधीच्या मिस्त्रीची निंदा सुरू करतं आणि हकीकत बाजूला राहते. आधीचा मिस्त्री तुम्हीच असण्याचीही शक्यता असते.

आता मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटणं. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक मेलं की तिसरा हिस्सा जोर गेला, म्हणून ओम्नी मिसिंगला अख्खी थरथरते, सीटवर बसलेल्याच्या पाठीला कळतं. डिस्ट्रीब्युटरवाल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग असलेल्या) गाडीत इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या, इन्सुलेटेड पक्कड वापरून. जी काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत असं वायर उपटत बसू नका, कॉइल आणि इग्निशनची इलेक्ट्रॉनिक्स उडते. तिथं इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचं.

मेलेला सिलिंडर सापडला की लगेच प्लग विकत आणायला पळू नका. तोच प्लग शेजारच्या सिलिंडरात टाका. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर प्लग. नाही सरकलं तर वायरीची अदलाबदल. तरीही जागचं हललं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तपासा. एका सिलिंडरचं बाकी दोघांपेक्षा बरंच कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं ते कधीच कळत नाही, आणि गिऱ्हाइकाकडून पैसे मात्र दोन्हीचे घ्यावे लागतात.

पावसाळ्यातलं मिसिंग वेगळं. सकाळी दमट हवेत गाडी फडफडते, तासाभरानं नीट होते. रात्री गॅरेजची लाईट बंद करा, सीट उचला, इंजिन चालू ठेवून वायरींवर बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा डिस्ट्रीब्युटरच्या कॅपवर निळ्या ठिणग्यांची मुंगी पळताना दिसली. कॅपला केसाएवढी चीर होती, दिवसा भिंग लावूनही दिसली नसती.

गरम होण्याबद्दल थोडक्यात. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सगळे सांगतात आणि एकदा तरी प्रत्येक जण उघडतो. थंड झाल्यावरच. पंखा फिरत नसेल तर पंख्याला बॅटरीवरून थेट करंट द्या. फिरला तर मोटर चांगली, मग फ्यूज, रिले, थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारा) असं मागं मागं जा. पंखा फिरतोय तरी तापतेय, तर थंड इंजिनावर झाकण उघडून चालू करा आणि पाण्यात बघा. बुडबुडे येतच राहिले, थांबलेच नाहीत, तर हेड गॅस्केट धरा. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं काही दिसलं तर बघायलाच नको. पण पाणी नुकतंच भरलंय आणि सुरुवातीला थोडे बुडबुडे आले, तर ती अडकलेली हवा असते. या फरकात मी एकदा फसलोय, गिऱ्हाइकाचं हेड विनाकारण उतरवायला निघालो होतो.

खालचे आवाज कानानं शिकायचे, पुस्तकात सापडत नाहीत. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना ‘टक्’, मग रिव्हर्सलाही ‘टक्’, तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सचा जोर मागं नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, बघा. शाफ्ट हातानं पिळून बघितला तर ढिलाई हाताला लागते. वेगात घोंघावणारा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दिला-सोडला की बदलतो, तर डिफरन्शिअलवर संशय. अ‍ॅक्सिलरेटरनं बदलत नाही पण मोकळ्या रस्त्यावर गाडी डावीकडं वळवली की वाढतो, तर उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण वजन बाहेरच्या चाकावर जातं. पाट्यांचे शॅकल बुश आणि शॉकअप खड्ड्यातच बोलतात. गॅरेजच्या फरशीवर गाडी किती हलवली तरी गप्प. चक्कर मारल्याशिवाय जॉब कार्ड लिहू नका.

रात्रीत बॅटरी उतरते ही तक्रार फार येते. आधी चार्जिंग बघा: इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट. ते बरोबर असेल तर सगळं बंद करून, निगेटिव्ह काढून मीटर अँपिअरवर ठेवा आणि खुंटी व काढलेल्या तारेच्या मध्ये लावा. 50 मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त दिसलं तर फ्यूज एकेक काढा, ज्यानं आकडा पडतो त्या लाईनीत चोर. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. आमच्या मीटरचा फ्यूज माझ्यामुळे दोनदा गेलाय. चोर बहुतेक वेळा कंपनीनं बसवलेला नसतो. बाहेरून टाकलेला टेप, रिव्हर्सचं गाणं, नाहीतर सरकत्या दाराचा स्विच. दार नीट बसत नाही, आतला दिवा रात्रभर मिणमिणतो आणि दिवसा कुणाला दिसत नाही.

मारुतीच्या ईकोसारख्या नंतरच्या गाड्यांना स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लागतो, त्याला घाबरू नका आणि भुलूही नका. पी0171 म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, एवढंच. त्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मी पाहिलेत आणि खरं कारण फाटलेला रबरी पाइप निघालेलाही पाहिलाय. पी0302 म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात मिसिंग. का, ते त्यालाही ठाऊक नसतं. तिथून पुढं तीच जुनी अदलाबदल.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. एलपीजीवरची गाडी आली आणि वास येत असेल, तर ती गॅरेजातल्या, खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर घेऊ नका. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात उतरून साठतो आणि तुम्ही तिथंच दिवा घेऊन उभे असता. गाडी उघड्यावर, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, आणि जोडांवर साबणाचं पाणी. सीएनजी हलका असतो, वर जातो, तिथं छताशी लक्ष. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरायचं नाही. विटांवर उभी केलेली गाडी मी घसरताना पाहिली आहे, खाली कुणी नव्हतं एवढंच.

पहिल्या पगारातून काय घ्यावं, असं मुलं विचारतात. साधा मल्टिमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प, आणि शंभर पानी वही. गोटी पान्याचा सेट गॅरेजात असतोच. टेस्ट लॅम्प जुन्या वायरिंगला मीटरपेक्षा बरा, कारण गंजक्या तारेतून मीटरला 12 व्होल्ट दिसतात पण बल्ब पेटत नाही. इंजेक्शनच्या गाडीत मात्र कंप्युटरच्या तारांना तो लावू नका. वहीत तारीख, गाडीचा नंबर, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, आणि शेवटी काय निघालं ते.

काकांची ओम्नी अजून येते. शाळेचं काम त्यांनी सोडलं, आता शेतातली भाजी आणतात. गेल्या आठवड्यात आली ती दाराचा रोलर घासतोय म्हणून. तक्रार लिहून घेतली आणि कुणी सांगायच्या आत खाली वाकून पट्टी बघून घेतली.