पदर खोचा आणि झिम्म्याला उभ्या राहा

शहापुरात मी 22 वर्षं ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. दिवसाचे आठ तास मशीनवर वाकलेली. पन्नाशी ओलांडली तशी कंबर धरायला लागली, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण बेळगावचा पाऊस एकदा बसला की गणपतीपर्यंत धड उघडत नाही. मग माडीवरच्या खोलीत झिम्मा सुरू केला. नागपंचमीला घालायचो तोच. आता गल्लीतल्या चौघी येतात.

सुरुवातीला मी चूक केली ती तुम्ही करू नका. फोनवरचा व्हिडिओ लावून फरशीवर अनवाणी उड्या मारल्या. चौथ्या दिवशी टाच एवढी ठणकली की मशीनचं पायडल दाबवेना. फरशी कडक असते, धक्का सगळा टाच आणि गुडघ्यात जातो. मऊ तळाचे बूट घाला आणि पहिला महिना उडी मारूच नका. सतरंजी घसरते, ती गुंडाळून ठेवा.

आधी पाच-सात मिनिटं अंग गरम करायचं. भिंतीला हात लावून टाचा उचला, खांदे मागं फिरवा. शिवणकाम करणाऱ्यांचे खांदे पुढं आलेले असतात, त्यांनी हे जरा जास्तच करावं. मग दिंडीतलं साधं पाऊल: उजवा पाय पुढं, डावा त्याच्याजवळ, डावा मागं, उजवा त्याच्याजवळ. हातात टाळ आहेत असं समजून हात डोक्याच्या वर न्या. हात वर गेले की हृदयाला काम वाढतं, हे तुम्हाला दोन मिनिटांत कळेल.

पाय बसले की झिम्मा. समोरासमोर उभं राहून उजवी टाळी, डावी टाळी, दोन्ही हात, आणि गिरकी. गिरकी एकदा उजवीकडे घेतली तर पुढची डावीकडे. वेग किती असावा? नाचता नाचता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं सहज म्हणता येत असेल तर वेग कमी पडतोय. म्हणून ऐन भरात आम्ही गाणं मोबाइलवर लावतो, आणि शेवटी वेग उतरला की स्वतः म्हणतो. एकदम थांबून खाली बसू नका. रक्त पायात साचतं, चक्कर येते. दोन मिनिटं खोलीत चालत राहा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. अर्धा तास सलग झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटं करा, चालतं. छातीत दुखलं, भोवळ आली तर तिथंच थांबायचं. बीपी, हृदयाचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फुगडी मात्र गुडघे धड असलेल्यांनीच घालावी.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 75 वर्षांवरच्या 469 जणांवर अभ्यास झाला होता, 2003 साली छापून आला. नियमित नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. नाचामुळेच तो टळला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण झिम्म्यात पुढची टाळी लक्षात ठेवायची, समोरचीचा हात बघायचा, ताल सांभाळायचा. डोकं रिकामं राहतच नाही. मलाही त्या अर्ध्या तासात उद्या द्यायचे ब्लाऊज आठवत नाहीत, आणि रात्री झोप लागते.

आमच्यातल्या एक काकू यजमान गेल्यावर घराबाहेर पडत नव्हत्या. हाताला धरून आणलं तर म्हणाल्या, "गुडघं दुखतंत गं, मी काय नाचू?" त्यांना बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं. गुडघ्यांचं दुखणं असेल तर तुम्हीही असंच करा: पाठ टेकायची नाही, पावलं जमिनीवर आळीपाळीनं आपटायची, टाळ्या सगळ्यांबरोबर. महिनाभर त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या टाळ्या द्यायच्या. मग एका संध्याकाळी गाणं संपलं तशा म्हणाल्या, "हे नको, आमच्या खानापूरकडचं म्हणूया," आणि स्वतःच सुरू केलं. आता त्यातली सहा गाणी आम्हाला पाठ आहेत.