पीडीएफच्या पोटातच मूळ फाइल ठेवा

ऑफिस सॉफ्टवेअरची वर्गणी संपली की आपणच लिहिलेली फाइल नुसती वाचता येते, त्यातलं अक्षरही बदलता येत नाही. मला अर्जातली फक्त तारीख बदलायची होती, १४ ची १५, आणि मेनूतली सगळी बटणं करडी पडलेली! त्या दिवसापासून मी लिबरऑफिस वापरतो. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, खातं उघडावं लागत नाही आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

त्यातली एक सोय फारशी कुणाला माहीत नसते. पीडीएफ केली की मांडणी हलत नाही, पण पुढे दुरुस्ती निघाली की मूळ फाइल शोधत बसावं लागतं. त्यावर हा उपाय:

१. फाइल मेनूतून 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' आणि मग 'एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ' निवडा.
२. 'जनरल' टॅबमध्ये 'हायब्रिड पीडीएफ' (म्हणजे आत मूळ फाइलही ठेवलेली पीडीएफ) समोर टिक करा.
३. नाव देऊन सेव्ह करा.

ही फाइल इतरांना साध्या पीडीएफसारखीच दिसते. तुम्ही ती लिबरऑफिसमध्ये उघडली की मूळ मजकूर जसाच्या तसा समोर येतो, तक्त्यांसकट. दुरुस्ती झाली की पुन्हा टिक करून एक्स्पोर्ट करा. फाइलचा आकार थोडा वाढतो, तेवढं चालतं.

मात्र मूळ फाइलमधल्या टिपा आणि नोंदवलेले बदलही सोबत जातात. बाहेरच्या माणसाला पाठवताना ती टिक काढूनच पीडीएफ करा.