नवा अ‍ॅम्प घेण्याआधी: टर्नटेबल जोडताना या चुका टाळा

टर्नटेबल घरी आलं, हौसेने पहिली एलपी लावली आणि आवाज ऐकून चेहरा पडला, की पुढचं वाक्य ठरलेलं: "अ‍ॅम्प बदलावा लागणार." थांबा. अशा वेळी बिचाऱ्या अ‍ॅम्पचा बहुधा काहीच दोष नसतो. सुईपासून स्पीकरपर्यंत कुठेतरी जोडणी चुकलेली असते आणि ती सुधारायला अनेकदा एक पैसाही लागत नाही.

आवाज बारीक आणि किरटा येतोय

व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही गाणं लांबून आल्यासारखं वाटतं. डग्गा गायब, चाट तेवढी कानावर आपटते. म्हणजे टर्नटेबलची वायर थेट ऑक्स किंवा सीडीच्या सॉकेटमध्ये गेली आहे.

नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीतून, जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. सीडी प्लेअर २ व्होल्टपर्यंत देतो. ऑक्सच्या सॉकेटला सवय असते ती अशा तगड्या सिग्नलची. पण प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही. रेकॉर्ड कापतानाच त्यातला खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर मुद्दाम चढवलेले असतात. खर्ज पुरा ठेवला तर खाच इतकी रुंद हेलकावे घेईल की एका बाजूला मोजकीच गाणी मावतील. वरचे स्वर चढवायचे ते वाजवताना पुन्हा उतरवण्यासाठी, म्हणजे त्यांच्याबरोबर खरखरही खाली येते. हे प्रमाण १९५४ पासून आरआयएए वक्र या नावाने ठरून गेलं आहे: २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० हजार हर्ट्झला जवळपास तेवढंच जास्त. फोनो प्रीअ‍ॅम्प हाच हिशेब उलटा करून देतो आणि वर सिग्नल साधारण शंभर पट वाढवतो.

त्यामुळे "बास वाढवून, ट्रेबल कमी करून भागवू" हे जमत नाही. टोनच्या बटणांचा आकार त्या वक्राशी जुळतच नाही. मांडवातला पीए अ‍ॅम्प घरी आणून माइकच्या सॉकेटमध्ये टर्नटेबल लावणारेही आहेत. तिथे ताकद मिळते, पण वक्र सुधारत नाही. गाणं तेवढंच किरटं, फक्त मोठ्याने.

अ‍ॅम्पच्या पाठीमागे 'फोनो' लिहिलेलं सॉकेट शोधा; हा प्रीअ‍ॅम्प त्याच्या आतच असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या स्टिरिओ अ‍ॅम्पना ते बहुधा असतंच. आजच्या होम थिएटर रिसीव्हरना मात्र अनेकदा नसतं. मग वेगळा छोटा फोनो प्रीअ‍ॅम्प मध्ये जोडायचा. चांगला जुना अ‍ॅम्प निव्वळ फोनो नाही म्हणून विकणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो.

आवाज मोठा, पण फाटका

ही वरच्या चुकीची उलटी बाजू. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये प्रीअ‍ॅम्प आतच असतो आणि त्याला 'फोनो/लाइन' असं बटण असतं, बहुतेकांत पाठीमागे, काहींत सहज न दिसणाऱ्या जागी. बटण लाइनवर आणि वायर अ‍ॅम्पच्या फोनोत, असं झालं की सिग्नल दोनदा वाढतो आणि खर्जही दोनदा चढतो. आवाज घुसमटलेला, फाटका येतो. संपूर्ण जोडणीत फोनो प्रीअ‍ॅम्प एकच हवा. बटण लाइनवर असेल तर वायर ऑक्समध्ये. बटण फोनोवर असेल तर वायर फोनोत.

आजोबांच्या काळचा एचएमव्ही फिएस्टासारखा रेकॉर्ड प्लेअर किंवा आजची सुटकेसवाली स्वस्त टर्नटेबलं यांत सहसा सिरॅमिक जातीचं कार्ट्रिज असतं. ते मुळातच कितीतरी जास्त व्होल्ट देतं आणि त्याला आरआयएएची दुरुस्ती लागत नाही. म्हणून सुटकेसच्या मागच्या आरसीए (लाल-पांढऱ्या) सॉकेटची वायर ऑक्समध्येच लावा, फोनोत नको.

सतत घुमणारा हमिंगचा आवाज

सगळ्यात जास्त वैताग याचा. आपल्या विजेचा सूर ५० हर्ट्झ, म्हणजे जवळपास पांढरी पाच. पांढरी एकच्या गायकाला हा फुकटचा पंचम मिळतो आणि तानपुऱ्याच्या आवाजात तो काही काळ लपूनही राहतो! रेकॉर्ड संपली की मग उघडा पडतो.

सुई वर उचललेली ठेवा, व्हॉल्यूम नेहमीच्या पातळीवर आणा आणि टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या हाताच्या, धातूच्या भागाला बोट लावा. बोट लावताच हमिंग बदललं, तर ग्राउंडची जोडणी तुटलेली किंवा सैल आहे. टर्नटेबलच्या आरसीए वायरींबरोबर एक बारीक सुटी तार येते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली. ती अ‍ॅम्पच्या मागे ग्राउंड किंवा जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट आवळायची. वेगळा प्रीअ‍ॅम्प असेल तर त्याच्या स्क्रूला. ही तार भिंतीतल्या प्लगच्या अर्थिंगमध्ये खुपसू नका. तो धोका आहे आणि हमिंग वाढण्याचीच शक्यता जास्त. आतच प्रीअ‍ॅम्प असलेल्या काही टर्नटेबलना ही तार नसते, तेव्हा ती हरवली म्हणून बॉक्स उलटापालटा करू नका.

तार ठीक आहे, तरी आवाज येतोय? मग आर्म हाताने सावकाश मधल्या दांड्याकडे न्या. हमिंग कमी-जास्त झालं तर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या फार जवळ आहे. टर्नटेबल अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवलेलं दिसलं की मी पुढचं काही तपासतच नाही. बाजूला, निदान दीड-दोन फूट दूर ठेवा. आरसीए वायर आणि पॉवर केबल यांची एकच जुडी बांधू नका.

तिसरा संशयित सेट-टॉप बॉक्स. केबल किंवा डिशची वायर स्वतःचं ग्राउंड घेऊन येते आणि टीव्ही त्याच अ‍ॅम्पला जोडला असेल तर दोन ग्राउंडमधून हमिंग फिरत राहतं. व्हॉल्यूम शून्य करा, टीव्हीकडची एकेक वायर काढा, पुन्हा ऐका. प्लगची अर्थिंगची पिन कापून हमिंग घालवण्याचा 'उपाय' कोणी सांगितला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एकच स्पीकर वाजतोय

अ‍ॅम्प बंद करून फोनोकडच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. मुका स्पीकर बदलला, तर दोष टर्नटेबलकडे. तोच मुका राहिला, तर अ‍ॅम्प किंवा स्पीकरकडे. दोष टर्नटेबलकडे असल्यास टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या हेडशेलमधल्या चार इवल्याशा वायरी पाहा: पांढरी आणि निळी डावीकडच्या, लाल आणि हिरवी उजवीकडच्या. त्यातली एक निसटलेली किंवा काळवंडलेली असते.

मूव्हिंग कॉइल (एमसी) कार्ट्रिज घेणाऱ्यांनी फोनोवर एमसी लिहिलंय का ते आधी बघावं. त्यातून सहसा अर्ध्या मिलिव्होल्टपर्यंतच सिग्नल येतो आणि एमएमच्या ४० डेसिबलऐवजी ६० च्या आसपास वाढ लागते. एमएमवाल्यांनी टर्नटेबलपासून लांबलचक आरसीए ओढू नये, कारण केबलच्या कपॅसिटन्सने (विद्युतभार साठवण्याच्या गुणाने) वरचे स्वर बिघडतात. अ‍ॅम्प टर्नटेबलच्या बाजूला ठेवा आणि लांबवायचीच तर स्पीकरची वायर लांबवा.

वॉटचा मोह

पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजारी आकडे विसरा, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) विचारा. दहा बाय बाराच्या खोलीत नेहमीच्या स्पीकरना २०-३० वॉट पुरतात. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो ३ डेसिबलच. त्यापेक्षा ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) बघा: ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर लावल्या की अ‍ॅम्पला ४ ओहम दिसतात, आणि किमान ८ ओहम मागणारा अ‍ॅम्प त्यात तापून बंद पडतो. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली तर खर्ज पातळ होतो आणि गायक मधोमध उभा राहायचा तो खोलीभर विरघळतो.

व्हॉल्यूम वाढवला की गुरगुर

हे हमिंग नव्हे. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच शोकेसवर असतील तर स्पीकरचा हादरा सुईत शिरतो आणि तोच पुन्हा अ‍ॅम्पमधून बाहेर येतो. तपासायचं असं: टर्नटेबल फिरवू नका, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. गुरगुर चढत गेली तर तत्काळ कमी करा आणि स्पीकर तिथून हलवा. घर जुनं, लाकडी पाटणीचं असेल आणि कुणी चाललं तरी सुई उडत असेल, तर टर्नटेबलसाठी भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी बसवून घ्या. सुताराची मजुरी कुठल्याही अ‍ॅम्पपेक्षा स्वस्त पडते.